तारेतले चार शब्द आणि बेल यांचे पदक

आमच्या घरी माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत मनिऑर्डरच्या पावत्या आहेत, गिरणीतले एक जुने कार्ड आहे आणि घडीवर फाटत आलेली एक तार आहे. साल १९६८. शिराळा तालुक्यातल्या पुष्कळ घरांतली कर्ती माणसे तेव्हा मुंबईला होती, तसे आजोबाही होते. तारेत चारच शब्द आहेत : 'मदर सीरिअस स्टार्ट इमिजिएटली'. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. खोलीतल्या एका सोबत्याने तार वाचून दाखवली. पण वाचण्याआधीच त्यांनी काय ते ओळखले होते. कारण त्या काळी गावाकडून तार आली की तिचा अर्थ बहुधा एकच असे. रात्रीची गाडी धरून ते गावी पोहोचले तेव्हा सारे आटोपले होते. "एक डाव आईचा आवाज तरी कानावर पडला असता," असे ते अखेरपर्यंत म्हणत.

पुढे २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत आजी गेली. धाकटे काका मुंबईत अडकलेले. चुलतभावाने मोबाईल हातात धरला आणि काकांनी आईचे शेवटचे दर्शन त्या वीतभर काचेवर घेतले. मध्येच चित्र थांबत होते, चौकोन चौकोन होऊन फुटत होते आणि पुन्हा जुळत होते. त्या दिवशी त्याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. नंतर मात्र मला प्रश्न पडला. डोंगराआडच्या आमच्या गावातून मुंबईपर्यंत एवढे हलते चित्र गेले तरी कसे? आणि फुटायचेच होते तर ते चौकोनांतच का फुटले? या प्रश्नांच्या मागे जाता जाता मी दूरसंचार अभियांत्रिकीतल्या एका मोठ्या पदकाच्या मानकऱ्यांच्या यादीपाशी येऊन पोहोचलो, आणि त्या यादीत मला मुंबईचे एक नाव भेटले. कला शाखेच्या माणसाने या विषयात पडावे की न पडावे, हे लेख वाचून झाल्यावर वाचकांनीच ठरवावे.

त्या पदकाचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पदक. ते देणारी संस्था म्हणजे 'इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स'; जगभर तिला 'आय-ट्रिपल-ई' म्हणतात. १८८४ साली अमेरिकेत विद्युत अभियंत्यांनी एक संस्था काढली आणि १९१२ साली रेडिओ अभियंत्यांनी दुसरी. १९६३ साली या दोन्ही एकत्र येऊन आजची संस्था झाली. स्वतः बेल हे यांतील पहिल्या संस्थेचे १८९१-९२ मध्ये अध्यक्ष होते. टेलिफोनच्या शोधाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या १९७६ साली त्यांच्या नावाचे हे पदक सुरू करण्यात आले. दूरसंचाराच्या शास्त्रात आणि अभियांत्रिकीत असामान्य भर घालणाऱ्याचा सन्मान हा त्याचा हेतू.

बेल यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांचे आयुष्य या गोष्टीशी एका वेगळ्याच धाग्याने जोडलेले आहे. १८४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे त्यांचा जन्म झाला. त्यांची आई फारच कमी ऐकत असे. पुढे ते अमेरिकेत कर्णबधिरांना बोलायला शिकवणारे शिक्षक झाले, आणि ज्या मेबलशी त्यांनी लग्न केले तिची श्रवणशक्ती लहानपणीच्या तापात गेलेली होती. म्हणजे ज्याने जगाला दुरून ऐकायला शिकवले, त्याच्या घरातल्या दोन सर्वांत जवळच्या माणसांना त्या यंत्राचा काडीचाही उपयोग नव्हता! १० मार्च १८७६ रोजी बेल यांनी शेजारच्या खोलीतल्या आपल्या मदतनिसाला, वॉटसनला, तारेवरून हाक मारली आणि ती त्याला ऐकू गेली. १८८० साली फ्रान्स सरकारने त्यांना ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्या पैशांतून त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि तिच्या उत्पन्नातून कर्णबधिरांसाठी काम करणारी संस्था उभी केली. मिळालेल्या मानाचे काय करावे याचा हा चांगला वस्तुपाठ होय. मात्र कर्णबधिर मुलांनी हातांच्या खुणांची भाषा वापरू नये, ओठ वाचून तोंडानेच बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाने आपल्या भाषेवर अन्याय झाला, असे कर्णबधिर समाजातील अनेकांचे म्हणणे आहे. थोर माणसाच्या नावाचे पदक म्हणून ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पदकाच्या मानकऱ्यांची यादी वाचत गेले की दूरसंचाराचा इतिहासच समोर उलगडतो. पहिल्या वर्षी हे पदक अमोस जोएल, विल्यम काइस्टर आणि रेमंड केचलेज यांना विभागून मिळाले. टेलिफोन केंद्रात जोडणी करण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे सोपवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना या कामाचे मोल सांगायला नको. आपल्या देशात १९८४ साली 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांतल्या धुळीत व उकाड्यात टिकणारी छोटी स्वयंचलित केंद्रे बनवली. १९८२ साली पदक मिळाले हॅरॉल्ड रोझेन यांना. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखत आकाशात एकाच जागी उभा असल्यासारखा दिसणारा दळणवळणाचा उपग्रह त्यांनी प्रत्यक्षात आणला. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे १९७१ साली सुरू झालेले विक्रम उपग्रह भूकेंद्र हे अशाच उपग्रहांशी बोलण्यासाठी उभारलेले होते. १९८५ चे मानकरी चार्ल्स काव. काचेच्या केसासारख्या धाग्यातून प्रकाशाच्या रूपाने संदेश दूरवर नेता येईल, हे त्यांनी १९६६ साली मांडले. नोबेल पारितोषिक त्यांना २००९ साली मिळाले; बेल पदक त्याआधी चोवीस वर्षे. एखाद्या कामाची थोरवी त्या क्षेत्रातल्या माणसांना कितीतरी आधी कळते, ती अशी.

आता १९९१ सालाकडे वळू. त्या वर्षीचे पदक तिघांना मिळाले : चॅपिन कटलर, जॉन लिंब आणि अरुण नेत्रावळी. तिघांचेही काम एकाच प्रश्नाशी निगडित होते. चित्र तारेवरून वा हवेतून पाठवायचे, तर ते कमीत कमी मजकुरात कसे पाठवावे?

अरुण नेत्रावळी यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झाला. पवईच्या आय.आय.टी.तून १९६७ साली ते विद्युत अभियंता झाले. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात त्यांनी १९७० साली डॉक्टरेट मिळवली आणि १९७२ साली ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे १९९९ साली ते त्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले. २००१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, त्याच वर्षासाठीचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही त्यांना मिळाले, आणि २०१७ साली मार्कोनी पारितोषिक. पण मानसन्मानांची ही जंत्री वाचून माणूस कळत नाही. ज्या कामासाठी ते मिळाले ते काम समजून घेतले पाहिजे, आणि ते वाटते तितके अवघड नाही.

प्रथम प्रश्न किती मोठा होता ते पाहू. दूरचित्रवाणीवरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. एका ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी धरल्या, तर एका चित्रात ४,१४,७२० ठिपके होतात. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन मूळ रंगांचे प्रमाण द्यावे लागते, आणि एकेका प्रमाणासाठी आठ 'बिट' लागतात. बिट म्हणजे 'होय की नाही' एवढ्याच उत्तराइतकी माहिती. हा सारा गुणाकार केला की सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बिट होतात. टेलिफोनवरच्या एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट पुरतात. म्हणजे एक चित्र हलते ठेवण्यासाठी सुमारे ३,९०० टेलिफोन संभाषणांची वाट अडवावी लागेल! एवढी वाट ना शहरात मोकळी होती, ना खेड्यात.

यावरचा उपाय काय? उपायाचे बीज आजोबांच्या तारेत आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून माणसे 'तुझी', 'आहे', 'तरी', 'ये' असे शब्द गाळून चार शब्दांत सारे घर हलवीत. याहून गमतीची सोय सणासमारंभाच्या तारांसाठी होती. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांची ठराविक वाक्ये तारखात्याने छापून ठेवलेली असत आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असे. आपण क्रमांक सांगायचा, तारेवरून तेवढाच जायचा, आणि पलीकडच्या तारघरात त्या क्रमांकाचे पूर्ण वाक्य कागदावर उतरायचे. वाक्य प्रवास करीतच नसे. ते दोन्हीकडच्या पुस्तकांत आधीच होते. जे पलीकडच्याला ठाऊक आहे ते पुन्हा पाठवू नये, हे तत्त्व आपल्या देशातल्या तारमास्तरांनी रोज आचरले. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिचे शहाणपण बंद झाले नाही.

हेच तत्त्व कटलर यांनी विद्युत संदेशाला लावले. १९५० साली त्यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ साली ते मंजूर झाले. त्यांची युक्ती रोजच्या व्यवहारातलीच आहे. बाजाराहून आलेल्या माणसाला आपण भाताचा भाव विचारतो, तेव्हा तो "कालच्यापेक्षा दहा रुपयांनी चढा" एवढेच सांगतो. कालचा भाव आपल्याला माहीत असतो. चित्रातही शेजारशेजारचे ठिपके बहुधा एकमेकांसारखे असतात. तेव्हा प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग सांगण्याऐवजी आधीच्या माहितीवरून अंदाज बांधायचा आणि अंदाजापेक्षा जेवढा फरक पडला तेवढाच पाठवायचा. लिंब आणि त्यांच्या पिढीच्या संशोधकांनी ही रीत चित्रांच्या बाबतीत पुढे नेली. माणसाच्या डोळ्याला काय जाणवते आणि काय जाणवत नाही याचाही अभ्यास त्यासाठी झाला.

पण एक अडचण उरली. चित्रातली वस्तू हलली की अंदाज कोसळतो. शिराळ्याच्या नागपंचमीची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. मागे घरांच्या भिंती आहेत, पुढून गाडी चालली आहे. भिंती दोन्ही चित्रांत तशाच असतात, त्या पुन्हा पाठवायला नकोत. परंतु गाडी मघाच्या जागेवर नाही. 'त्याच जागी तोच ठिपका' असे धरून चाललो, तर गाडीचा प्रत्येक ठिपका चुकतो आणि सारी गाडी पुन्हा पाठवावी लागते. वास्तविक गाडी नवी नाही. तीच गाडी थोडी पुढे सरकली आहे, एवढेच. मग तेवढेच का सांगू नये?

नेत्रावळी आणि त्यांचे सहकारी रॉबिन्स यांनी १९७९ साली बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा गाभा हा आहे. वस्तू किती आणि कोणत्या दिशेने सरकली याचा अंदाज यंत्राने ठिपक्याठिपक्याला सुधारत जायचा, आणि त्या सरकण्याची भरपाई करून पुढचे चित्र आधीच मनाशी रचायचे. यातली खरी मौज अशी की हा अंदाज आधी पाठवून झालेल्या माहितीवरूनच बांधला जातो. ती माहिती पलीकडच्या यंत्राकडेही असते, म्हणून तेही तोच हिशेब करून तोच अंदाज बांधते. दोघांकडे जणू एकच पुस्तक! मग तारेवरून काय जायचे? फक्त अंदाजातली चूक. पुढे जगाने जी मानके ठरवली त्यांत थोडी वेगळी वाट घेतली गेली. चित्राचे सोळा बाय सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडून 'हा चौकोन इतका सरकला' असा निरोप द्यायचे ठरले. मूळ कल्पना मात्र तीच, सरकण्याची भरपाई. या आणि अशा इतर युक्त्यांनी २५ कोटी बिटांचे ते चित्र ४०-५० लाखांत मावू लागले. म्हणजे सुमारे पन्नासाव्या हिश्शात.

आता मला चौकोनांचे उत्तर मिळाले. आजीच्या अंत्यसमयी आमच्या घरातून मुंबईला पूर्ण चित्रे क्वचितच जात होती. बहुतेक वेळ जात होते ते फरक, 'हा चौकोन इतका सरकला, त्यात एवढी दुरुस्ती' असे. घरातली भिंत, खांब, कोनाडा हे एकदाच गेले होते. हलत होती ती माणसे. मध्येच एखादा निरोप वाटेत हरवला की पलीकडचे यंत्र जुन्याच माहितीवर अंदाज बांधत राही आणि चौकोन चुकीच्या जागी बसत. नवा निरोप आला की चित्र पुन्हा जुळे. माझ्या काकांनी जे पाहिले, त्यातला मोठा भाग त्यांच्या हातातल्या यंत्राने आधीच्या आठवणीवरून रचला होता. विचार केला तर माणूसही आपल्या माणसाला असाच पाहतो.

येथे कला शाखेच्या विद्यार्थ्याला आपल्या अभ्यासक्रमातला एक धडा आठवल्याशिवाय राहणार नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने सांगितले की काव्याचा आत्मा ध्वनी होय. म्हणजे शब्दांनी उघड न सांगितलेले, तरी सहृदयाला जाणवणारे. कवी थोडे बोलतो आणि उरलेले वाचकाच्या मनात उमटते, कारण दोघांमध्ये भाषा, संस्कार आणि अनुभव यांची ठेव समाईक असते. अभियंत्याची रीतही अशाच समाईक ठेवीवर उभी आहे. फरक एवढाच की यंत्राने रचलेले चित्र मूळ चित्राशी शक्य तितके जुळले पाहिजे, तर कवितेतून प्रत्येक सहृदयाच्या मनात थोडे निराळे चित्र उमटले तरी चालते. किंबहुना तेच तिचे वैभव. विज्ञान आणि कला यांच्यात भिंत आहे असे आपण समजतो. ती भिंत असली तरी तिला अशी दारे आहेत.

पुरस्कारांविषयी एक शंका मात्र मनात येते. पदकावर नाव एकाचे वा तिघांचे कोरले जाते. काम इतक्याच माणसांचे असते काय? ज्यांच्या नावाचे हे पदक आहे त्या बेल यांचीच गोष्ट पाहा. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा अर्ज ज्या दिवशी पेटंट कचेरीत गेला, त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचेही टेलिफोनविषयीचे निवेदन तेथे दाखल झाले. इटलीहून आलेले अंतोनियो मेउची यांनी त्याआधी वर्षानुवर्षे याच दिशेने प्रयोग केले होते. त्यांच्या कामाची दखल घेणारा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००२ साली केला, तेव्हा मेउचींना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली होती. शोधाच्या वाटेवर अनेक पावले उमटलेली असतात आणि पदक हे त्यांतल्या एखाद्या पावलावर ठेवलेले फूल असते. चांदोलीकडच्या पावसात खांबावर चढून तार जोडणाऱ्या लाइनमनला कोणतेच पदक मिळत नाही; पण तो चढला नसता तर पदकविजेत्यांची युक्ती आमच्या उंबऱ्यापर्यंत आली नसती. पदकाचा मान राखूनही ही आठवण ठेवावी.

तरीही असे पुरस्कार हवेतच, असे मला वाटते. गवयाला टाळ्या मिळतात, खेळाडूला जयघोष मिळतो. दूरसंचाराच्या अभियंत्याचे काम जितके उत्तम, तितके ते दिसेनासे होते. संदेश सुरळीत पोहोचला की मधल्या माणसाची आठवण कोणाला होत नाही. तो आठवतो तो चित्र फुटल्यावर. अशा न दिसणाऱ्या कामाला निदान त्याच्या बरोबरीच्यांनी एकदा नावाने हाक मारावी, एवढाच पदकाचा अर्थ. २०११ साली ही हाक आणखी एका भारतीयाला आली. आपल्या नौदलात अनेक वर्षे सेवा केलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांनी एकाच वेळी अनेक अँटेना वापरून बिनतारी संदेशाची क्षमता वाढवण्याची रीत शोधली. पुढे २०१४ साली त्यांना मार्कोनी पारितोषिकही मिळाले.

आणि एक योगायोग सांगून थांबतो. बेल यांचा टेलिफोन त्यांच्या आईच्या वा पत्नीच्या उपयोगी पडला नाही. पण त्यांच्याच नावाचे पदक १९९१ साली ज्या कामाला मिळाले, त्या चित्र आटोपशीर करण्याच्या विद्येमुळे आज कर्णबधिर माणसे शेकडो मैलांवरून एकमेकांशी बोलतात. तीही ओठांनी नव्हे, हातांच्या खुणांनी, म्हणजे बेल यांनी नको म्हटलेल्या त्यांच्या स्वतःच्या भाषेत. शोध हा शोध लावणाऱ्याच्या मताला बांधलेला राहत नाही, हे किती चांगले आहे!

आजोबांची तार मी पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवली आहे. तिच्यात चारच शब्द आहेत, पण आमच्या घराला ते अपुरे कधीच वाटले नाहीत. कारण उरलेले सारे दोन्हीकडच्या माणसांना आधीच ठाऊक होते. संदेश आटोपशीर करण्याची विद्या अभियंत्यांनी पुष्कळ पुढे नेली. ती ज्या ठेवीवर चालते, ती एकमेकांना ओळखण्याची ठेव मात्र आपली आपणच जपायची आहे.